बेडूकसरांचं डबकं

भूकंप झाला त्या पहाटे माझे पती गावात, शाळेजवळच्या खोलीत झोपले होते. मी माहेरी नांदेडला होते. भिंत पडली. दुपारी निरोप आला. संध्याकाळी मी बसमध्ये बसले.

पुढच्या जूनमध्ये मला लातूरच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी मिळाली. त्याच कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांच्या घरी एक खोली रिकामी आहे, असं कळलं. ट्रंक, वळकटी आणि पुस्तकांची पिशवी घेऊन मी त्यांच्या दारात रिक्षातून उतरले. फाटकाच्या कडीला हात लावला, तोच आतून आवाज आला.

"थांबा. पाय टाकू नका."

पेरूच्या झाडाखाली एक गृहस्थ उकिडवे बसले होते. पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत गुंडाळलेली पँट, आणि खिशात पेन असतं त्या जागी थर्मामीटर. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त बोटाने जमिनीकडे दाखवलं. फाटकापासून हातभर आत एक सरडा पुढच्या पायांनी माती उकरत होता.

"सरडीबाई हाय," ते हळूच म्हणाले. "अंडी पोटात धरून लई दिवस हिंडून राहिली होती. माती कोरडी होती न. आज जागा पसंत पडली. होऊ द्या तिचं. सबर करा."

मी रस्त्यातच ट्रंकेवर बसले. रिक्षावालाही काय चाललंय ते पाहत थांबून राहिला. थोड्या वेळाने कुंपणाच्या भिंतीवरून बांगड्या भरलेला एक हात आला आणि त्या हातातून चहाची कपबशी माझ्याकडे आली. चहा पिऊन झाला, कपबशी परत गेली, तरी सरडीचं चालूच होतं. अंडी घातल्यावर तिने माती लोटली, मग नाकाडाने ती माती ठोकून ठोकून बसवली, इतकी की खाली काही आहे असं कुणाला वाटू नये. मग ती कुंपणावर चढून निघून गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

तेव्हा कुठे त्या गृहस्थांनी फाटक उघडलं. "मी मोईन. प्राणिशास्त्र. तुमी लायब्ररीवाल्या बाई. या. पण डाव्या अंगानं या. उजव्या अंगाला आता लेकरं हायेत."

अख्खी गल्ली त्यांना बेडूकसर म्हणायची. विद्यार्थी पाठीमागे म्हणायचे आणि गल्ली तोंडावर म्हणायची, एवढाच फरक. त्यांना त्याचं काही वाटत नसे. दुधवाल्याने एकदा चुकून 'मोईनसर आहेत का' असं विचारलं, तर त्यांच्या पत्नी, रझियाभाभी, पडद्याआडून म्हणाल्या, "कोन पायजे तुम्हाला?"

त्यांच्या सायकलच्या कॅरिअरला कायम एक जाळी बांधलेली असे. खिशातलं थर्मामीटर ते कुठेही खुपसत: कुंडीत, नालीत, विहिरीच्या पायरीवरच्या शेवाळात. घरातल्या डाळीत खुपसल्याचं एकदा भाभींनी पकडलं, तेव्हापासून स्वयंपाकघरात जाताना त्यांना शर्टाचा खिसा रिकामा करून दाखवावा लागे.

जगातल्या कुठल्याही गोष्टीचं त्यांच्याकडे एकच उत्तर होतं: जीवाला ताण आला. मुरुडची बस उशिरा आली, ड्रायव्हरला ताण आला. पेरू यंदा गोड नाहीत, झाडाला ताण आला. प्राचार्य शिपायावर ओरडले की सर स्टाफरूममध्ये शांतपणे सांगत, "चिडून न्हाई राहिले ते. ताणात हायेत. बेडूकबी फुगतो अशा वक्ताला." हे प्राचार्यांच्या कानावर गेलं. मग स्टाफरूमलाही काही दिवस ताण आला.

विषय निघाला की त्यांना थांबवणं अवघड. बेडूक कातडीनं पाणी पितो, निम्मा श्वास कातडीनंच घेतो, म्हणून डबक्यात जे पडतं ते थेट त्याच्या रक्तात जातं. डबकं लवकर आटायला लागलं की त्यातली पिल्लं घाई करतात, पाय फुटले की बाहेर पडतात, पण अशा घाईची बेडकं बारकी राहतात, जगली तरी कमजोर. काही कासवांमध्ये, मगरींमध्ये तर नर निघणार की मादी, हे अंडं किती गरम राहिलं त्यावर ठरतं. "म्हंजे बघा," सर म्हणत, "ऊन वाढलं तर एक वक्त असा येईल की सगळ्या बहिणी निघतील नाहीतर सगळे भाऊ. मग लग्न कुनाशी लावणार?" हा प्रश्न ते बँकेच्या रांगेत उभं असतानाही विचारत.

मी त्या पहिल्या वर्षी फारशी बोलत नसे. कॉलेजात पुस्तकं देई, घेई. घरी आल्यावर खोलीचं दार लावून वाचत बसे. कितीदा तरी स्वयंपाक करायचा राहून जाई. लातूरमध्ये तेव्हा प्रत्येकाजवळ भूकंपाची एक गोष्ट होती आणि समोरच्याची ऐकून घेण्याआधी आपली सांगायची घाई होती. सरांनी मला एकदाही काही विचारलं नाही. एका संध्याकाळी ते माझ्या दारासमोर काचेची बरणी घेऊन उभे राहिले. आत एक बेडूक होता.

"हा खाऊन न्हाई राहिला," ते बरणीकडे बघत म्हणाले. "जागा बदलली की असं होतं. पोरं काय करतात, तोंड उघडून कोंबतात. तसं करायचं न्हाई. खायला जवळ ठेवायचं अन आपुन तिथनं सरकायचं."

एवढं सांगून ते गेले. दुसऱ्या दिवसापासून माझ्या पायरीवर संध्याकाळी झाकलेलं ताट येऊ लागलं. ठेवताना कधी कडी वाजली नाही. मी जेवले की नाही, हेही कुणी पाहिलं नाही. ज्वारीची भाकरी, दाळ, कधी भाजी. पुष्कळ दिवसांनी मी रिकामं ताट घासून परत द्यायला गेले, तेव्हा भाभी म्हणाल्या, "बरनीतल्या बेडकानं खाल्लं म्हनं आज." आणि त्या हसल्या. भाभींना मी हसताना पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा.

घराच्या मागे मोकळं अंगण होतं आणि त्याच्या मधोमध एक उथळ खड्डा. सरांनी तो स्वतः खणलेला. पावसाळ्यात त्यात डबकं साठे आणि त्यात भेक अंडी घालायला येत. भेक म्हणजे तो खडबडीत पाठीचा, संथ, मातीच्या रंगाचा बेडूक. त्याच्या मादीची अंडी लांबच लांब माळेसारखी असतात, पारदर्शक चिकात ओवलेले काळे मणी. सर त्या माळा पाहायला अख्ख्या वर्गाला घरी आणत आणि मुलांनी चपला फाटकाबाहेर काढाव्यात असा आग्रह धरत.

एका भेकाने तर न्हाणीच्या दगडाखाली कायमचा मुक्काम ठोकला होता. सरांनी त्याचं नाव हवालदार ठेवलं होतं, कारण तो एका जागी बसून सगळ्यांकडे संशयाने बघे. भूकंपानंतर अधूनमधून हादरे बसतच होते. जनावरांना भूकंप आधी कळतो, असं कुणीतरी कुठेतरी वाचलं आणि गल्लीची नजर हवालदारावर गेली. सरांनी परोपरीने सांगितलं, की असं पक्कं कुणी सांगू शकत नाही. पण भाजी आणायला निघालेल्या बायका भिंतीवरून डोकावत आणि विचारत, "सर, हवालदार जागेवर हाय का?" आहे म्हटलं की निवांत पुढे जात.

एका संध्याकाळी हवालदार जागेवर नव्हता. शेजारच्या गोदाक्कांनी ते पाहिलं. दिवेलागणीच्या आत सगळी गल्ली सतरंज्या, पाण्याच्या घागरी आणि म्हातारी माणसं घेऊन समोरच्या मैदानात जाऊन बसली. सर एकेकाला समजावत फिरत होते, पण त्यांचं कोण ऐकणार, खुद्द हवालदाराने घर सोडलं होतं. सकाळी कॉलेजला जाण्यासाठी सरांनी बुटात पाय घातला आणि काढला. हवालदार आत होता. ही बातमी मैदानात पोचली, तेव्हा गोदाक्का वळकटी बांधत म्हणाल्या, "नोकरीवर असून बुटात झोपतोय. खराखुरा हवालदारच हाय."

या गोदाक्का म्हणजे उदगीरकडच्या. मनाने मोकळ्या, तोंडाने जास्तच. सरांना मूलबाळ नव्हतं, आणि हे गोदाक्कांना रझियाभाभींपेक्षा जास्त सलत असावं. कुठला अंगारा, कुठल्या दर्ग्याचा धागा, कुणाचा काढा, त्या घेऊन यायच्या. स्वयंपाकघराच्या दारात बसायच्या आणि खालच्या आवाजात सुरू करायच्या. पण तो खालचा आवाज माझ्या खोलीपर्यंत यायचा. कुणाची सून, किती वर्षांनी, कसा गुण आला. एकदा तर म्हणाल्या, "बाईच्या जातीनं मनावर घेतलं तर होतंय रझियाबी. काहीतरी चुकत असनार तुझंच."

पोळपाटावर भाभींचं लाटणं फिरत राही.

आणि नेमक्या अशा वेळी अंगणातून सर उगवत. हातात बरणी किंवा ओंजळीत काहीतरी असे.

"गोदाक्का, या बेडकीचं ऐका. पोटात अंडी तयार होती हिच्या. मग पाणी आटलं, ऊन वाढलं. हिनं काय केलं? अंगातल्या अंगात जिरवली. आता लोक म्हनतील, बेडकीतच खोड हाय. खोड हिच्यात हाय का?"

"सर, मी रझियाबीशी बोलून राहिले. बेडकीशी न्हाई."

"मी बेडकीचंच सांगून राहिलो. तिचा कसूर न्हाई. जमीन हलली, जागा मोडली, तर जीव काय करंल? जीव आधी सोताला वाचवतो. त्यात त्याची चूक काढायची न्हाई. कुनीच काढायची न्हाई."

हे ते एवढ्या मोठ्याने सांगत, की रस्त्याने जाणारे थांबत. गोदाक्का पदर सावरत उठत. मला हे सगळं तेव्हा विनोदी वाटायचं. चारचौघींत बसलेल्या बायकांना माणूस बेडकीचा गर्भाशय समजावून सांगतो, म्हणजे विद्या डोक्यात गेल्याचंच ते लक्षण, असं माझं मत होतं. नांदेडला गेले की आईला आणि बहिणीला मी सरांची नक्कल करून दाखवत असे. त्या घरात हसू ऐकू यायचं ते त्यामुळे.

वर्षं गेली. पडलेलं गाव नव्या जागी पुन्हा उभं राहिलं, आणि लातूर निराळ्याच कारणाने वाढू लागलं. डॉक्टर व्हायचं तर लातूरला जावं, असं जिल्ह्याजिल्ह्यांत लोक बोलू लागले. कंधारहून, नायगावहून, कुठून कुठून मुलं येऊ लागली. क्लासेस निघाले, क्लासेसच्या वर क्लासेस निघाले. जिथे कडुनिंब होते तिथे वसतिगृहं झाली. आमच्या गल्लीतली विहीर बुजवून तिच्यावर खानावळ उभी राहिली. सर त्या खानावळीत कधी जेवले नाहीत. "तिथं माझ्या वळखीचे लोक राहत होते," असं म्हणत.

सर निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना आपल्या क्लासमध्ये बोलावलं. मोठा हॉल, माईक, समोर मुलंच मुलं. बेडकाच्या हृदयाला कप्पे किती, एवढंच मुलांना हवं होतं. सर ते पहिल्या मिनिटाला सांगून टाकत आणि मग बेडूक गप्प का झालेत याच्याकडे वळत. रस्त्याचा आवाज वाढला की नराची हाक मादीपर्यंत पोचत नाही. रात्रभर दिवे जळत राहिले की त्याला रात्र झालीये हेच कळत नाही. मग तो हाकच मारत नाही. मुलं तल्लीन होऊन ऐकत आणि मग मागच्या बाकावरून आवाज येई, "सर, हे परीक्षेला येतं का?"

"न्हाई येत."

"मग लिहून घेऊ नको?"

"लिहू नका. ऐका फक्त. कुनीतरी ऐकलं पायजे."

चाचणीसाठी त्यांनी काढलेला एक प्रश्न पुढे गाजला. एका बेडकीने यंदा अंडी घातली नाहीत. दोष कोणाचा? (अ) बेडकीचा (ब) डबक्याचा (क) दिव्याचा (ड) आपला. विद्यार्थ्याने, म्हणजे क्लासच्या मालकाने, नम्रपणे विचारलं, "सर, बरोबर उत्तर कोणतं धरायचं?" सर म्हणाले, "अ सोडून कोनतंबी धर." पालकांची तक्रार आली. एका प्रश्नाला एकच उत्तर असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या आठवड्यापासून सर पुन्हा घरी होते. मालक स्वतः घरी येऊन पाया पडून गेला. सरांनी त्याला पेरू दिले.

आमच्या घराच्या तिन्ही बाजूंनी आता वसतिगृहं होती. मधोमध आमचं अंगण आणि त्यातला खड्डा. बिल्डर येऊ लागले. एकजण तर नकाशाच घेऊन आला: खाली सरांना प्रशस्त फ्लॅट, वर मुलींच्या खोल्या. सरांनी नकाशा नीट पाहिला. "जागा खाली न्हाई," ते म्हणाले. "मागं भाडेकरू हायेत." तो मागे जाऊन पाहून आला. "सर, मागं तर कुणीच नाही." "आता न्हाईत," सर म्हणाले. "येनार हायेत."

पण ते येत नव्हते. हवालदारांच्या पिढ्या बदलल्या, न्हाणीचा दगड कधी रिकामा राहिला, कधी भरला. पण डबक्यात माळा दिसेनात. शेजारच्या वसतिगृहाच्या मोरीतलं साबणाचं पाणी भिंतीखालून अंगणात येई. सर भोक बुजवत, कुणीतरी ते उकरे. गच्चीवर मुलींच्या अभ्यासासाठी लावलेला मोठा हॅलोजन थेट डबक्यावर उजेड टाकी. पावसाळा लागला की सर रोज सकाळी खड्ड्याकाठी जाऊन वाकून बघत आणि परत येऊन पायरीवर बसत. थकले होते. गुडघे दुखत. भाभी चहा आणून ठेवत आणि आत जात.

"एकदा घातली पायजेत बाई," ते मला एकदा म्हणाले. "एकदा तरी. माझ्या देखत."

मी विचारलं, काही संशोधन लिहायचं राहिलं आहे का.

"संशोधन कसलं," ते म्हणाले. "दाखवायचं हाय."

कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मी समजले, बिल्डरला.

शेवटी ते वसतिगृहात गेले. मीही गेले, कारण मुलींच्या वसतिगृहात एकट्याने जाणं त्यांना बरं वाटेना. तिथल्या देखरेख करणाऱ्या मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"लाईट बंद केली अन चोर आला तर, सर?"

"चोर आला की बेडकं गप होतात, मावशी. मला लगेच कळंल."

"पन तुमची बेडकं आत्ताच गप हायेत की."

"म्हनून तर लाईट बंद करा म्हनून राहिलो."

मावशींना हसू आवरेना. जिन्यात मुली गोळा झाल्या होत्या. त्यांनी आपसात काही ठरवलं आणि एकजण पुढे आली. पावसाळाभर गच्चीवरचा दिवा लावणार नाहीत, खोल्यांत अभ्यास करतील. मोरीचं पाणीही दुसरीकडे वळवायला सांगतील. बदल्यात सरांनी रविवारी त्यांना प्राणिशास्त्र शिकवायचं. सर म्हणाले, "पन मी परीक्षेला न्हाई ते शिकवतो." ती म्हणाली, "आम्हाला माहितीये सर. त्या चाचणीत मी ड लिहिलं होतं."

त्या पावसाळ्यात नाही, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी मी दार उघडलं, तर सर खड्ड्याकाठी उभे होते. वाकलेले नव्हते, उभे होते. मला वाटलं, पाठ दुखत असेल. जवळ गेले. गवताच्या काड्यांना गुंडाळून, पाण्यात आडव्यातिडव्या माळाच माळा पडल्या होत्या.

घराकडे वळून त्यांनी हाक मारली, "रझिया." इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून भाभींचं नाव पहिल्यांदा ऐकलं. एरवी ते 'अहो' किंवा 'आतल्यांना सांगा' म्हणत.

भाभी ओल्या हातांनी बाहेर आल्या. सरांनी त्यांचा हात धरून त्यांना काठाशी आणलं. भाभींनी डोक्यावरून पदर घेतला आणि पाण्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सर नेहमीसारखं व्याख्यान देतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फक्त भाभींचा हात धरून ठेवला होता.

भिंतीवरून गोदाक्कांचं डोकं वर आलं. त्याही आता म्हाताऱ्या झाल्या होत्या. "घातली का हो? बाळंतीन कुठाय मग?"

"गेली ती," सर म्हणाले. "ती थांबत न्हाई."

"बरी हाय न?"

"बरी हाय," सर म्हणाले. "पैल्यापासून बरीच हाय ती."

त्या माळांतून पिल्लं निघाली. बरीच मेली, काही बगळ्याने नेली, आणि नखाएवढाली थोडी भेकं एका पावसाळी दुपारी डबक्यातून निघून अंगणभर पांगली. सरांनी त्या दिवशी कुणालाही अंगणात पाय टाकू दिला नाही. मी कॉलेजातून आले ती फाटकाबाहेर उभी राहिले, आणि भिंतीवरून चहा आला.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. आजार लांबला नाही. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला वसतिगृहाच्या जुन्या मुलीही आल्या होत्या. एक-दोघी आता डॉक्टर आहेत. पाहुणे पांगल्यावर संध्याकाळी भाभी आणि मी मागच्या पायरीवर बसलो. खड्डा कोरडा होता. भाभी स्वतःहून बोलू लागल्या.

"बाई, भूकंपाच्या वक्ताला मला दिवस होते. गल्लीत कुनाला सांगितलं नव्हतं अजून. घरात झोपायचं भेव वाटायचं, म्हनून आंगनात ताडपत्री टाकून राहिलो होतो. रोज हादरे. ऊन. एका दुपारी झालं ते." त्यांनी खड्ड्याकडे बोट केलं. "ताडपत्री तिथं होती. खड्डा त्यांनी मागून खनला. पुन्हा कधी दिवस राहिले न्हाईत."

मी विचारलं, "सर कधी बोलले त्याबद्दल?"

"मला? एक अक्षर न्हाई. त्यांना तोंडावर बोलायला जमायचंच न्हाई. बेडकाला सांगायचे. सरड्याला सांगायचे. गोदाक्काला सांगायचे. मी आत रोट्या लाटत ऐकायचे. सगळ्या गल्लीला वाटायचं, मानूस येडा हाय. मला वाटायचं, अजून जरा जोरात बोलावं."

बरणीतला न खाणारा बेडूक आणि माझ्या पायरीवर यायचं ते ताट मला आठवलं. भाभींना सांगावंसं वाटलं, पण ते ताट त्यांनीच वाढलेलं होतं.

उन्हाळ्यात नकाशावाला पुन्हा येऊन गेला. आता तरी विचार करा, म्हणाला. भाभींनी पडदा बाजूला केला आणि त्याला सांगितलं, जागा खाली नाही, भाडेकरू आहेत. तो माझ्याकडे पाहून 'एकच तर बाई आहेत' म्हणाला. भाभींनी पडदा पुन्हा ओढून घेतला.

आता डबक्यात पाणी आहे. शेजारच्या गच्चीवरचा दिवा मुली लावत नाहीत. भाभी सकाळी काठाशी जाऊन बघून येतात आणि चहा ठेवतात. यंदा अजून अंडी नाहीत.